डावीकडं वळताना येणारा आवाज

आमच्या गाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो पोरांनी. मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसलेली ती बालवाडीतली पाच पोरं, देवळापासून मी डावीकडं वळले की एका सुरात ‘टक टक टक टक’ म्हणायची आणि गाडी सरळ झाली की गप्प व्हायची. मला वाटलं, यांचा काहीतरी खेळ चाललाय. पोरांचे खेळ आपल्याला कळत नाहीत, कळून घ्यायचेही नसतात. पण एका सकाळी ओजस तापानं घरी होता, बाकीची पेंगत होती, आणि मी काच खाली करून वळण घेतलं तेव्हा खालून, माझ्या बाजूच्या पुढच्या चाकातून, तोच आवाज आला. टक टक टक टक. कुणीतरी कोरडी सुपारी फोडत बसलंय असा. वळण संपलं आणि आवाजही संपला. त्या आवाजानं पुढं माझ्या घरात जे काही घडवलं ते आठवलं की आज पन्नाशीला टेकलेय तरी माझं रक्त तापतं. वय झालं की राग निवतो म्हणतात. कुणाचा निवत असेल तो निवो.

त्या वेळी मुळशीतल्या माण गावात आमचं घर म्हणजे अर्धं जुनं आणि अर्धं सिमेंटचं होतं. जमीन कंपन्यांच्या पार्कात गेली, हातात उरलं एक भाताचं खाचर आणि घरामागचं मोकळं खळं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैल विकले आणि खळ्याच्या कडेनं खोल्यांची ओळ बांधून काढली. खोल्यांमधून नागपूर, लातूर, जळगाव असं कुठून कुठून आलेले नोकरदार लोक राहायला आले. सकाळी आठला सगळ्या खोल्यांमधल्या कुकरच्या शिट्ट्या एका मागोमाग एक सुरू व्हायच्या, त्यात बोअरची मोटर घरघरायची, आणि रस्त्यावरून डंपर गेले की आईच्या फडताळातली भांडी आपोआप वाजायची. आई मात्र चुलीवरच तांदळाची भाकरी थापायची. खेकड्याचं कालवण केलं की भाडेकऱ्यांची पोरं वासानं दारात येऊन उभी राहायची, आणि आई त्यांच्या तळहातावर भाकरीचा एकेक तुकडा कालवणात बुडवून ठेवायची. ‘तिखट हाय बरं का,’ असं आधी सांगायची आणि पोरांनी हाय हाय केलं की स्वतःच हसायची.

बैलांच्या गोठ्यात आता गाडी उभी राहायची. पांढरी, कुणा साहेबाची वापरलेली, पण चांगली होती. गाडी घेतली ती माझ्या धाकट्या भावासाठी, बाळूसाठी. त्याला शिकवायला रोज एक माणूस यायचा. कॉलेजला जाताना बस चुकते म्हणून मला मागं बसवून द्यायचे, की शिकता शिकता बाळू मला सोडेल. बाळू पुढं बसून शिव्या खायचा आणि मी मागं बसून शिकायचे. क्लच कधी सोडायचा, गिअर कधी टाकायचा, चढाला गाडी मागं येऊ न देता कशी धरायची, सगळं मी त्या माणसाच्या मानेमागून पाहून पाठ केलं. पुढं हट्ट करून मी परवाना काढला. परीक्षा देऊन काढला, हे मुद्दाम सांगते, कारण बाळूचा परवाना एजंटानं घरी आणून दिला होता.

मग तिसऱ्या खोलीतल्या वैशालीताईंनी विचारलं. त्या अकोल्याच्या. नवरा-बायको दोघं ऑफिसात जायचे आणि त्यांचा ओजस नेऱ्याच्या रस्त्यावरच्या बालवाडीत. शाळेची गाडी आमच्या गल्लीत येत नव्हती. ‘सुरेखा, तू चालवतेस न गाडी? मग तूच सोडून दे न याला. तू असली की मला काळजी नाही,’ असं त्या म्हणाल्या. बघता बघता पाच पोरं झाली. भाडेकरू खूश राहतात म्हणून अण्णाही काही बोलले नाहीत. ते माझं पहिलं काम. सकाळी ती पाच पोरं अंघोळी करून, पावडरी लावून माझ्या गाडीसमोर रांगेत उभी राहायची तेव्हा मला जो काही अभिमान वाटायचा तो नंतर कशानंच वाटला नाही. आज माझ्या दारात शाळेच्या चार गाड्या उभ्या असतात, तरीही.

अण्णांचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे बैलच. पोळ्याला त्यांनी बॉनेटला गुलाल लावला, पुढं पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. बैलगाडीच्या आसाला वंगण घालायचं, नांगराच्या फाळाला पावसाआधी जळकं ऑइल फासून ठेवायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मुळशीचा पाऊस लोखंड खातो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून दर अमावस्येला गाडी धुवून झाली की ते गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचे आणि चौकातल्या गॅरेजवाल्यानं दिलेलं जळकं ऑइल रंगाच्या ब्रशनं पुढपासून मागपर्यंत चोपडायचे. लोखंड की रबर, काही बघायचे नाहीत. मग बाहेर येऊन नारळ फोडायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे. गावात ज्याच्या ज्याच्या दारात त्या वर्षांत गाडी आली त्या प्रत्येकानं हेच केलं. गॅरेजवालाही म्हणायचा, ‘मारा अण्णा, चांगलं थापून मारा. पत्रा शंभर वर्षं टिकंल.’ ते काळं पाणी मग खळ्यात ठिपकत राहायचं आणि आई चिडून त्यावर राख टाकायची.

तर आवाज आला आणि मी त्याच दिवशी घरी सांगितलं. तिथंच चुकलं म्हणा. गप्प बसले असते तर निदान आवाजाचं खापर तरी माझ्या माथी फुटलं नसतं. संध्याकाळी ओट्यावर अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, बसले होते. मी म्हटलं, ‘अण्णा, डावीकडं वळताना पुढच्या चाकात वाजतंय. सरळ चालताना न्हाई वाजत.’ तात्यांनी पान थुंकलं आणि लगेच निकाल दिला. ‘ष्टेरिंग गच्चकन वळीवत असशील. बाईमाणसाचा हात हाय त्यो. भाकरी फिरवल्यावानी गाडी फिरवायची नसती.’

‘तात्या, तुमी माझ्या गाडीत कधी बसलाय का?’

‘बसाय कशाला पायजे? वाजाय लागली न्हवं गाडी? आधी वाजत हुती का?’

आधी म्हणजे कधी? आधीही मीच चालवत होते! बाळू आठवड्यातून एकदा मित्रांना घेऊन लवळ्याला जायचा, बस्स. पण तात्यांना हिशेब सांगायचा कुणी. अण्णांनी गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाल्यानं एक फेरी मारली आणि शॉकअप्सर बदलला. आवाज तसाच. मग बेअरिंग बदललं. आवाज तसाच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यानं हात पुसत विचारलं, ‘अण्णा, चालवतं कोण? ताई? मग तरी मी म्हनलं. गाडी चांगली हाय, हाताला दोष हाय.’ हे अण्णांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरनं रोग सांगावा तसं, अगदी समाधानानं. आणि चावी बाळूच्या हातात दिली. ‘उद्यापास्नं पोरांना ह्यो सोडंल. तू घरात आईला हातभार लाव.’

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मी काही बोलले नाही असं नाही, खूप बोलले. ‘परीक्षा मी दिली, रोज मी चालवते, एक ओरखडा न्हाई गाडीवर,’ सगळं बोलले. अण्णा म्हणाले, ‘तोंड बघ कसं चालतंय.’ आपण खरं बोलावं आणि समोरच्यानं आपल्या तोंडाकडं बोट दाखवावं, यासारखा संताप आणणारा प्रकार जगात दुसरा नाही. आईनं मला आत ओढलं. तिनं माझी बाजू घेतली नाही, याचाही मला राग आला. ती पुरुषांसमोर कधीच बोलायची नाही. तिला बोलता येत नव्हतं असं नव्हे. ओढ्यावर आणि भिशीत तिच्या जिभेला सगळ्या बाया टरकून असायच्या.

बाळूनं दुसऱ्या दिवसापासून टेप मोठ्यानं लावायला सुरुवात केली. सकाळी सकाळी ढणढणा गाणी वाजवत गाडी गल्लीतून जायची. आठ दिवसांनी जेवताना म्हणाला, ‘आवाज बिवाज काय न्हाई गाडीला.’ अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढ्यातली भाकरी तशीच ठेवून उठले. आणि त्याच संध्याकाळी वैशालीताई कपडे काढायला गच्चीवर आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, ‘सुरेखा, ओजस म्हणते, गाडी अजून टकटक करते. काकाच्या गाण्यात ऐकू येत नाही फक्त. आता तर खूप टकटक करते म्हणे. धोक्याचं काही नाही न?’

मला खोटं बोलता आलं असतं. घराची अब्रू, भाडेकरू, सगळं डोक्यात आलं. पण पाच पोरांचे पावडर लावलेले चेहरे पण आले. नेऱ्याच्या रस्त्याला उतार आहे, खाली ओढा, आणि ओढ्याच्या तोंडाशीच डावीकडं वळण. मी म्हटलं, ‘ताई, काय बिघडलंय ते मला माहीत नाही. पण चाकातलं काहीतरी आहे आणि ते वाढतंय. ओजस माझा असता तर मी त्याला त्या गाडीत बसवलं नसतं.’ दुसऱ्या दिवशी पाचही आयांनी पोरांना रिक्षानं पाठवलं. बाळू घरात येऊन ओरडला, ‘ह्या सटवीनं माझी गिऱ्हाइकं फोडली!’ त्याची गिऱ्हाइकं! अण्णांनी माझ्यावर हात उगारला, मारला नाही. पण उगारला, आणि ते मी विसरलेले नाही.

मग मी ठरवलं की बोलणं बास. त्या आवाजाचा तळ काढायचा. रात्रंदिवस एकच डोक्यात. सरळ जाताना वाजत नाही, म्हणजे बेअरिंग नव्हे. ते सरळसुद्धा घुमलं असतं. खड्ड्यातून जाताना वाजत नाही, म्हणजे शॉकअप्सर नव्हे. वळतानाच वाजतं, आणि गाडी जोरात असली की भरभर वाजतं, हळू असली की हळू वाजतं. म्हणजे जे काही आहे ते चाकाबरोबर फिरतंय. गाडीत बसलं की आवाज कुठून येतो ते नीट कळत नाही. कुणीतरी बाहेरून, चाकाशेजारी कान देऊन चालायला हवं, आणि गाडी तर वळतच राहायला हवी. रस्त्यावर एवढं सलग वळण कुठलं? पण आमच्या दारात खळं होतं. भाताच्या मळणीला मधोमध खांब रोवून त्याभोवती बैल गोल गोल फिरवायचे, ते खळं. मळणी बंद झाली होती तरी आई सवयीनं ते सारवून घ्यायची.

सुट्टीचा दिवस होता. अण्णा, तात्या आणि बाळू तात्यांच्या जीपनं पौडला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. चावी बाळूच्या दुसऱ्या पँटीच्या खिशात होती. मी ती काढली आणि आईला म्हटलं, ‘चल. माझ्यासंगं चालायचंय.’

‘कुटं?’

‘हितंच. खळ्यात. मी गाडी फिरवते, तू चाकाच्या बाजूनं चाल आणि सांग कुटं वाजतंय.’

आईनं हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, नाही म्हणेल. तिनं पदर खोचला. ‘लोक काय म्हनतील ती म्हनतील. पर पायावर घालू नगंस माझ्या,’ म्हणाली.

मी स्टिअरिंग डावीकडं पार शेवटपर्यंत वळवलं आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी सोडली. गाडी गोल फिरायला लागली. माझ्या खिडकीशी आई अर्धी वाकून झपझप चालत होती. खोल्यांच्या गॅलरीत सगळ्या बाया येऊन उभ्या राहिल्या, पोरं टाळ्या वाजवायला लागली. लातूरकडच्या एका काकूंनी विचारलं, ‘काय हो आई, नवस हाय का काय?’ आई चालता चालता ओरडली, ‘व्हय, गाडीला पोर होऊ दे म्हनून!’ एवढ्या रागात होते, तरी मला हसू फुटलं. आणि मग आवाज सुरू झाला. टक, टक, टक, टक. ‘वाजतंय की!’ आई ओरडली. ‘हिकडं, तुज्या अंगच्या चाकात! अगदी मधी!’ मी जरा जोर दिला. ‘भरभर वाजाय लागलं! थांब आता, मला गरगराय लागलं.’ मग उलटं, उजवीकडं वळवून फिरवलं, आईला दुसऱ्या बाजूनं चालवलं. काही नाही. दोष उजव्या चाकात होता, आणि डावीकडं वळताना त्याच चाकाला लांबचा फेरा पडून ते बोंबलत होतं.

गाडी थांबवली. चाक वळवलेलंच ठेवलं, म्हणजे आतली बाजू दिसते. दोघी मायलेकी जमिनीवर आडव्या झालो. इंजिनाकडून चाकाकडं एक जाड दांडा येतो. चाक वळायचं म्हणून दांड्याच्या टोकाला सांधा असतो आणि त्या सांध्यावर घड्याघड्यांचा रबराचा बूट चढवलेला असतो, आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये आणि बाहेरची माती आत जाऊ नये म्हणून. तो बूट उभा फाटला होता. आतलं ग्रीस चाक फिरता फिरता बाहेर उडून चाकाच्या आतल्या अंगाला गोल थापलं गेलं होतं, आणि सांध्यात भातखाचराचा चिखल वाळून बसला होता. मी बोट घातलं. बोटाला रेती लागली.

‘माझा गुडगा वाजतोय तसंच हाय हे,’ आई म्हणाली. ‘आतलं वंगान सरलं.’ मग तिनं फाटक्या रबराची कड चिमटीत धरून दाबली. ते मऊ, फुगीर, चिकट झालं होतं. तिनं वास घेतला. ‘सुरे, कुकरच्या रिंगला तेल लागलं की ती अशीच फुगती आन ढिली पडती. हे आपल्या घरातल्याच तेलानं झालंय.’ ती माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. अमावस्येचा ब्रश दोघींच्याही डोळ्यांसमोर आला होता. ती उठून उभी राहिली, लुगड्याची धूळ झटकली आणि म्हणाली, ‘तुज्या बापाला हे तू सांग. माझ्यानं न्हाई व्हायचं.’

मी सांगितलं. संध्याकाळी जीपमधून उतरल्या उतरल्या अण्णांना गाडीशी नेलं, विजेरी धरली, फाटका बूट दाखवला, त्यांचं बोट धरून रेतीत घातलं. ‘अण्णा, माझ्या हातानं न्हाई वाजत. ह्यानं वाजतंय. आन हे ऑइलनं झालंय. रबराला ऑइल सोसत न्हाई.’ अण्णा उकिडवे बसले होते. त्यांनी ते रबर चिमटीत घेतलं, वर काळं ऑइल होतं ते अंगठ्यानं पुसलं, पुन्हा दाबलं. त्यांना कळलं. मी देवाच्या पायाशी सांगायला तयार आहे, त्यांना त्या क्षणी सगळं कळलं. जिवापाड जपायला म्हणून आपण जे केलं त्यानंच बिघडलं, हे कळल्यावर माणसाचं तोंड जसं होतं तसं त्यांचं झालं. मला वाईटसुद्धा वाटलं. एक शब्द बोलले असते, नुसतं ‘व्हय गं’ म्हणाले असते, तर मी सगळं विसरून त्यांच्यासाठी चहा टाकला असता. पण मागं तात्या उभे होते. तात्या म्हणाले, ‘ऑइलनं कसं तुटंल? सारं गाव मारतंय ऑइल. पार टोकापत्तर ष्टेरिंग वळीवलं की रबर तानतंय आन तुटतंय. ही बाई तशीच वळीवती.’ अण्णांनी मान वर केली. बुडत्याला कुणी हात द्यावा तसा त्यांना तो शब्द मिळाला. ‘व्हय, तानूनच तुटलं असंल,’ असं म्हणाले आणि उठले.

गाडी गॅरेजला गेली. सांधा नवा, बूट नवा. गाडी परत आली ती मुकी झाली होती. कुठंही वळवा, आवाज नाही. पोरांच्या आया परत विचारायला आल्या आणि अण्णांनी त्यांना सांगितलं, ‘पाठवा खुशाल. आता बाळू चालवतोय, आवाज बंद झालाय.’ मी भाजी चिरत होते. पुढ्यातली विळी मी बाजूला सारली, कारण मला माझाच भरवसा वाटेना. मी शोधलं, मी दाखवलं, माझ्या शोधाप्रमाणं दुरुस्ती झाली, आणि नाव बाळूचं! गावभर तेच. दळायला गेले तर गिरणीवाला म्हणाला, ‘भावानं हातात घेतल्यापास्नं गाडी बरी झाली म्हनं.’ मी दळण न घेता परत आले. वैशालीताईंनी ओजसला रिक्षानंच पाठवायचं ठरवलं, बाकीच्यांनी नाइलाजानं बाळूकडं दिलं. मी रोज सकाळी खिडकीत उभी राहून ती पोरं त्या गाडीत चढताना बघायचे.

आणि अशात मला बघायला लवळ्याची मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, मामा. तात्यांनी आणलेलं स्थळ. मी साडी नेसून पोह्यांच्या बश्या दिल्या, पाटावर बसले. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मुलाचे वडील बरे वाटले. त्यांनी गोठ्याकडं बघून विचारलं, ‘गाडी कोन चालवतं?’ मी म्हटलं, ‘मी चालवते.’ तात्या घाईघाईनं मधे पडले. ‘चालवायची. आता बंद केलंय. हिच्या हातानं गाडी वाजाय लागली हुती बघा. बाळूनं हातात घेतली आन आवाज गेला.’ आणि हसले. सगळे हसले. अण्णाही हसले.

‘खोटं हाय ते.’

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. हातात चहाचं ताट. एवढ्या पुरुषांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. ‘पावनं, खोटं हाय ते. पोरीच्या हातात काय दोष न्हाई. चाकातला सांधा गेला हुता. हिनं शोधला, आन चाकाच्या बाजूनं मी चाललेय खळ्यात, माझ्या कानानं ऐकलंय. घरच्यांनी रबराला ऑइल मारलं म्हनून सांधा गेला. आमी वाकून बघितलंय दोघींनी.’

अण्णांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ‘तुला काय कळतंय गं गाडीतलं? आत जा.’

‘गाडीतलं न्हाई कळत. ऐकाय येतं मला,’ आई म्हणाली, आणि आत गेली नाही. तिनं पाहुण्यांसमोर एकेक कप ठेवला आणि शेवटचा कप ठेवल्याशिवाय ती हलली नाही.

पाहुणे चहा पिऊन उठले. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. तात्या पायात चपला घालता घालता म्हणाले, ‘पोरीचं वाटोळं केलंस वहिनी.’ आईनं रिकामे कप गोळा केले. मी आणि ती मागल्या मोरीवर पोह्यांच्या बश्या घासायला बसलो. आतून अण्णांचा आवाज चढत होता, बाळूवर, माझ्यावर, आईवर, कुणावरही. मग ते दारात आले. ‘तुला गाडी पायजे ना? गाडीसाठी बापाची चारचौघांत लाज काढली ना मायलेकींनी? घे! बस आता आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटत!’ असं म्हणून त्यांनी हातातली चावी आमच्या अंगावर भिरकावली. ती खरकट्या बश्यांत पडली आणि अण्णा पाठ फिरवून निघून गेले. ऑइलनं झालं, हे त्यांनी त्यानंतर मरेपर्यंत कबूल केलं नाही. पुढच्या अमावस्येला ब्रश मात्र बाहेर निघाला नाही.

आज लोक मला कौतुकानं म्हणतात, तुझ्या वडिलांनी त्या काळात तुझ्या हातात गाडी दिली, केवढं मोठं मन. बाळूही गावातल्या कार्यक्रमांत भाषणाला उभा राहिला की तसंच सांगतो. मी काय सांगू त्यांना? मी त्या चावीकडं बघत बसले होते. पोह्यांत, मोहरीच्या दाण्यांत, लिंबाच्या सालींत ती पडली होती, आणि माझ्या छातीत नुसता धूर कोंडला होता. ‘मला नको ही,’ मी म्हटलं. ‘अशी तर मुळीच नको. विहिरीत टाकून ये जा.’

आईनं हातातली बशी राखेनं घासून बाजूला ठेवली. ‘मग कशी पायजे? ताटात घालून, हळदकुंकू लावून? तशी न्हाई मिळत आपल्याला. उचल. उद्या पोरांना सोडायचंय.’

मी रडत होते, रागानं रडत होते. मी पोहे झटकले, चावी नळाखाली धरली, नेसलेल्या नव्या साडीच्या पदराला पुसली आणि कमरेला खोचली. मग उरलेल्या बश्या घासल्या, आणि वैशालीताईंच्या दारावर जाऊन सांगितलं की ओजसला सकाळी तयार ठेवा.